छातीवर बसणारा

रात्री खोलीत कोणी आलं होतं की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. अंधारात दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा पलंगावर रोखलेला असतो, दार एकच असतं, आणि दारापलीकडच्या खोलीत स्क्रीनसमोर मी बसलेली असते. तरी अधूनमधून सकाळी वायरी काढताना कुणीतरी खाली बघत, आवाज बारीक करून विचारतंच, "सिस्टर, रात्री मध्येच कोणी आत आलं होतं का?"

मी सिस्टर नाही. मुंबईतल्या एका स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीची टेक्निशियन आहे. लोक आमच्याकडे झोपायला येतात आणि आम्ही त्यांची झोप बघत बसतो. बहुतेक येतात ते घोरण्याची तक्रार घेऊन, आणि तीही सहसा त्यांची स्वतःची नसून बायकोची असते. डोक्यावर पांढऱ्या पेस्टने लीड चिकटवायच्या, डोळ्यांच्या कडेला एकेक, हनुवटीवर, नडग्यांवर, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी कॅन्युला, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. "एवढ्या जंजाळात झोप कशी लागायची?" असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो आणि अर्ध्या तासात घोरायला लागतो. मग रात्रभर त्याचा मेंदू, श्वास, नाडी आणि डोळे रेघांच्या रूपात माझ्यासमोरून सरकत राहतात. तीस सेकंदांचा एक तुकडा, त्याला इपॉक म्हणतात. प्रत्येक इपॉकवर झोपेची अवस्था लिहायची, याला स्कोअरिंग म्हणतात.

यातली हनुवटीची रेघ माझी आवडती. दिसायला अगदी फालतू, पण तिच्यावरून मला कळतं की माणूस आता स्वप्नांच्या झोपेत शिरला. डोळे पापण्यांआड भराभर फिरायला लागतात आणि त्याच वेळी हनुवटीची रेघ सपाट होते. हात, पाय, मान, सगळं सैल पडतं. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, जिने चढतो, पण अंथरुणातलं अंग हलत नाही, कारण ब्रेनस्टेममधून स्नायूंकडे जाणारा हुकूमच तेवढ्यापुरता बंद केलेला असतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिशेल झुवे यांनी १९५९च्या सुमारास मांजरांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. ब्रेनस्टेममधला तो भाग निकामी केला की झोपलेली मांजरं उठून अदृश्य उंदरांवर झडप घालत. म्हणजे हे लुळेपण बिघाड नाही, बंदोबस्त आहे.

गडबड होते ती वेळ चुकली की. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि बंदोबस्त उठायला उशीर होतो. डोळे उघडलेले, खोली दिसतेय, पंखा फिरताना दिसतोय, पण बोट हलत नाही. ओरडावं तर घशातून आवाज नाही. स्वप्नाचं यंत्रही पुरतं थांबलेलं नसतं. हे काही सेकंद चालतं, क्वचित मिनिट-दोन मिनिटं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि ते अजिबात दुर्मीळ नाही. शार्पलेस आणि बार्बर यांनी २०११मध्ये जुने अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला निघाला, आणि विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास. झोपेची आबाळ, पाळ्यांची कामं, पाठीवर उताणं झोपणं, यांनी ते वाढतं. होस्टेलवाले आणि रात्रपाळीवाले यात पुढे असतात ते उगाच नव्हे.

आमच्याकडे हे रुग्ण यायचं कारण वेगळं असतं. वारंवार असं होत असेल तर नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाही अनावर झोप येण्याचा आजार, नाही ना, हे डॉक्टरांना तपासायचं असतं. म्हणून रात्रीची स्टडी झाली की दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायला लावून डुलकी किती लवकर लागते आणि त्या डुलकीत स्वप्नांची झोप येते का, तेही बघतो. गंमत अशी की ज्या गोष्टीसाठी तो आलेला असतो, ती त्या रात्री बहुधा होतच नाही. पाहुण्यांसमोर मूल गाणं म्हणत नाही, तसलाच प्रकार.

पण एकदा झाली. पुण्याहून आलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विशीचा. पहाटे पाचच्या सुमाराला, म्हणजे स्वप्नांची झोप लांबत जाते त्या वेळी, त्याच्या मेंदूच्या रेघांत जागेपणीच्या लाटा मिसळायला लागल्या. मला वाटलं, उठला. पण हनुवटी सपाटच. कॅमेऱ्यात डोळे उघडे दिसले. उताणा पडलेला, हात पांघरुणावर, आणि डोळे एकसारखे डावीकडे, दाराच्या कोपऱ्याकडे जाऊन परत येत होते. छातीचा पट्टा थोडासाच हलत होता, श्वास उथळ, नाडी साठ-पासष्टवरून शंभराच्या वर. दाराच्या कोपऱ्यात त्याची स्वतःची बॅग होती आणि त्यावर टाकलेला टॉवेल. बाकी काही नाही. मी माइकवरून त्याला नावाने हाक मारली. उजव्या हाताची बोटं एकदम आखडली, हनुवटीची रेघ उसळली आणि तो ताडकन उठून बसला, तेव्हा एका डोळ्याशेजारची लीड निघून गालावर लोंबत होती.

मी आत गेले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही दार उघडलंत ना, तेव्हा गेला तो."

कोण होता? उंच, काळा, चेहरा नसलेला, डोक्यावर हॅट. पलंगाजवळ आला आणि छातीवर दाब द्यायला लागला. मी विचारलं, हॅट का रे? आपल्याकडे हॅट घालतं कोण? तो थोडा ओशाळला. मागच्या वर्षी पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्याला फक्त कोणीतरी खोलीत असल्याचं जाणवलं होतं. मग त्याने फोनवर शोधाशोध केली, हॅट घातलेल्या सावलीचे व्हिडिओ बघितले, जगभरच्या लोकांनी सांगितलेले किस्से ऐकले. त्यानंतर दर वेळी हॅट घालूनच येतो.

हे ऐकून मला पटलं की आमच्या कामातली खरी गोष्ट पहाटेच्या रेघांत अर्धीच असते. उरलेली अर्धी रुग्ण घरून घेऊन येतो.

घरून काय काय घेऊन येतात, ते ऐकत बसावं असं असतं. विदर्भातल्या एका बाईंच्या छातीवर मुंजा बसायचा, कारण माहेरच्या अंगणात पिंपळ होता आणि पिंपळाखालून संध्याकाळी जाऊ नये, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. बाळंतपणानंतर महिनाभर झोप न झालेल्या एका तरुण आईला हडळ दिसायची, आणि तिचा सगळा जीव बाळाच्या पाळण्यात. एका कॉल सेंटरवाल्याला खोलीत आपला टीम लीडर उभा दिसायचा. हसू नका, तो घामाघूम होऊन उठायचा.

आणि एक होते वेंगुर्ल्याकडचे आजोबा. आले होते घोरण्यासाठी. सकाळी मी लीड सोडवत असताना पत्नी सहज म्हणाल्या, "ह्यांका रात्री तो येता कधी कधी." मी विचारलं, कोण? आजोबांनी सांगितलं, वेतोबा. पायथ्याशी उभा असतो, हातात काठी. अंग हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. वर्णन शब्दन् शब्द स्लीप पॅरालिसिसचं. मी विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला काहीच कळत नाही. "राखणदार तो. भियाचा कित्याक? उभो रवता, बघता, आनी जाता."

आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो, वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. त्या भागात वाढलेल्या माणसाला अंधारात पायथ्याशी कोणी उभं असल्याची जाणीव झाली तर पहिला अंदाज 'आपला माणूस गस्तीवर आलाय' असाच होणार. अंग तेच लुळं, कोणीतरी असल्याची जाणीव तीच, पण एक जण छाती धडधडत उठतो आणि दुसरा कूस बदलून पुन्हा झोपतो.

आता इथे एक घाई होते, विशेषतः शिकलेल्या माणसांची. 'म्हणजे सगळं मनाचे खेळ', असं म्हणून ते मोकळे होतात. मला हे अजिबात मान्य नाही. मनात नसलेल्या गोष्टीही यात भरपूर आहेत. डेव्हिड हफर्ड नावाचे अमेरिकन लोकसाहित्याचे अभ्यासक न्यूफाउंडलंड बेटावर काम करत होते. तिथले लोक छातीवर बसणाऱ्या म्हातारीबद्दल सांगत. हफर्ड यांना आधी वाटलं की ही गोष्ट ऐकलेल्यांनाच ती दिसत असणार. पण ज्यांनी ती कधी ऐकलेली नाही असे लोकही तेच वर्णन करत होते: पावलांचा आवाज, कोणीतरी जवळ येणं, छातीवर ओझं. १९८२मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १७८१मध्ये, हेन्री फ्युझेली या चित्रकाराने झोपलेल्या बाईच्या छातीवर उकिडवं बसलेलं एक ध्यान रंगवलं होतं. न्यूफाउंडलंडची म्हातारी, इटलीतल्या अब्रुत्झोकडची मांजरीसारखी बाई, इजिप्तमधला जिन्न, विदर्भातला मुंजा. पोशाख ज्याच्या त्याच्या गावचा, पण बसण्याची जागा एकच.

जागा एक असण्याचं कारण माझ्या स्क्रीनवर दिसतं. स्वप्नांच्या झोपेत श्वासपटल काम करत राहतं, पण बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात. श्वास पुरेसा असतो, फक्त उथळ. झोपेत असताना हे जाणवत नाही. जागा झालेला माणूस घाबरून मोठा श्वास घ्यायला जातो आणि छाती ऐकत नाही. ओझं खरंच जाणवतं. त्याला 'कोणीतरी बसलंय' हे नाव देणं हा मेंदूचा अंदाज, पण ओझं हा अंदाज नव्हे. म्हणून मी कुणालाही 'तसं काही नव्हतं' असं सांगत नाही. नव्हतं कसं? छातीचा पट्टा माझ्यासमोर होता.

'कोणीतरी आहे' या जाणिवेचंही तसंच. २००६मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी अपस्मार असलेल्या एका तरुणीच्या मेंदूची शस्त्रक्रियेआधी तपासणी करताना कानामागच्या भागाला, शंखखंड आणि पार्श्वखंड मिळतात त्या जागी, डाव्या बाजूला विजेचा हलका स्पर्श दिला. तिला लगेच पाठीमागे एक सावली जाणवली. ती आडवी झाली तर सावली आडवी, ती गुडघे कवटाळून बसली तर सावलीही बसली आणि तिला मिठी मारू लागली, जी तिला नकोशी वाटली. हा भाग आपलं शरीर कुठे आहे याचा हिशोब ठेवतो. हिशोब चुकला की आपलंच अंग दुसऱ्याचं वाटायला लागतं. लुळ्या अंगातून मेंदूला नेहमीची खबर मिळत नसेल तर असं होणं काही नवल नाही.

मग अपेक्षेचं काम कुठे सुरू होतं? अर्धवट खबरीतून गोष्ट पुरी करण्यात. मेंदू डोळ्यांची, कानांची वाट बघत बसत नाही. आधी अंदाज बांधतो, मग खबर त्याला लावून बघतो. दिवसा उजेडात खबर भरपूर असते, अंदाज चुकला तर लगेच सुधारतो. पहाटे पाचला, डोळ्यांसमोर टॉवेल टाकलेली बॅग, अंग बंद, छातीवर ओझं, भीतीचं केंद्र टक्क जागं, अशा वेळी खबर तोकडी आणि अंदाज जोरात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये हे अगदी साध्या प्रकाराने दाखवलं होतं. लोकांना एक आकृती आणि एक बारीक आवाज पुन्हापुन्हा एकत्र दिला. नंतर आवाज न देता नुसती आकृती दाखवली, तरी अनेकांना आवाज ऐकू आला. ज्यांना एरवीही आवाज ऐकू येतात त्यांना तर फारच जास्त. आधीच्या सवयीला त्यांचा मेंदू जास्त मान देतो, इतकाच अर्थ.

ही गोष्ट फक्त रुग्णांची नाही. स्कोअरिंगला बसणारी नवी मुलं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'झटके?' असं लिहिलेलं वाचतात आणि रात्रभर प्रत्येक टोकदार लाटेत त्यांना झटका दिसायला लागतो. रुग्ण डोकं खाजवत असतो, लीड हलत असते, आणि इकडे मार्करवर मार्कर पडत असतात. म्हणून मी सांगते, चिठ्ठी नंतर वाचा, आधी रेघा बघा. माझंही ऐकतात असं नाही.

खरा त्रास होतो तो अंदाज भीतीला खतपाणी घालतो तेव्हा. बलंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी २०१३मध्ये डेन्मार्क आणि इजिप्तमधल्या लोकांची तुलना केली. इजिप्तमध्ये हा अनुभव आलेले जास्त निघाले, भीतीही जास्त, आणि यात आपण मरणार असं वाटणारेही जास्त. त्यांचं म्हणणं असं की भीतीने झोप तुटक होते, तुटक झोपेत हे प्रकार वाढतात, आणि प्रत्येक प्रकार आधीच्या भीतीला पुरावा पुरवतो. मी हे चक्र माणसांच्या चेहऱ्यावर बघितलंय. त्या विदर्भातल्या बाईंना घरच्यांनी एका मांत्रिकाकडे नेलं होतं. त्याने तीन अमावास्या सांगितल्या. तिन्ही अमावास्यांना त्या रात्रभर जागत बसायच्या, पहाटे डोळा लागायचा आणि मुंजा हजर. न येऊन करतो काय? महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण असल्या गोष्टी कायद्याच्या कचाट्यात येण्याइतक्या मोठ्या नसतात. त्या घरातल्या घरात माणसाची झोप खातात.

याउलट आजीचे उपाय. उशाखाली अडकित्ता, कपाळाला अंगारा, झोपताना मारुतिस्तोत्र. आमच्याकडचे काही तरुण डॉक्टर याला हसतात. मी नाही हसत. ज्याने भीती उतरते त्याने झोप सुधारते, आणि झोप सुधारली की हे प्रकार कमी होतात. अडकित्त्याला बिचाऱ्याला हे माहीत नसलं तरी चालतं. अट इतकीच की उपायाने नवं भय पेरू नये. स्तोत्र म्हणून झोपणारा निवांत झोपतो. 'स्तोत्र चुकलं तर येईल' असं वाटणारा मात्र जागाच राहतो.

निदान सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टर सांगतात. पण लीड काढतानाची ती वीस मिनिटं माझी असतात. ओल्या गॉजने केसांतली पेस्ट सोडवावी लागते, माणूस मान खाली घालून बसलेला असतो, समोरासमोर बघावं लागत नाही. अशा वेळी लोक बोलतात. मी आधी विचारते, काय दिसलं, कसं दिसलं. मध्येच काही शिकवत नाही. मग हनुवटीची सपाट रेघ दाखवते. श्वासाची रेघ दाखवते आणि सांगते, बघा, एकदाही थांबलेला नाही, ऑक्सिजन शेवटपर्यंत सत्त्याण्णव. हे बघून अनेकांचे खांदे उतरतात. अंग पूर्ण झटकायची धडपड करू नका, एक पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा, डोळे मिटा, मनातल्या मनात दुसरं काहीतरी धरा. कुशीवर झोपा, वेळेवर झोपा. इतकंच सांगते.

सांगितल्याने दिसणं काही बंद होत नाही, हे मला पहिल्यांदा एका नर्सने शिकवलं. ती दुसऱ्या एका रुग्णालयात पाळीत काम करायची. तिच्या खोलीत एक पांढऱ्या साडीतली बाई येऊन उभी राहायची. तिला मी सगळं दाखवलं होतं, तिलाही वैद्यकातलं कळत होतं, प्रश्न चांगले विचारले होते. काही महिन्यांनी रिपोर्टची कॉपी घ्यायला आली. म्हटलं, कसं आहे आता? म्हणाली, कमी झालंय. महिन्यात एखाद्या वेळी. आणि ती बाई? ती यायची थांबली.

मग ती जरा घुटमळली. म्हणाली, आता तुम्ही येता. मास्क लावून, हातात वायरींचा गुंता घेऊन पलंगाशेजारी उभ्या असता. तिला पडल्यापडल्या कळत असतं की हे स्लीप पॅरालिसिस आहे, मॅडम खऱ्या नाहीत, श्वास चालू आहे. पायाचं बोट हलवते आणि सुटते.

"भीती नाही वाटत," ती म्हणाली. "फक्त जरा हसऱ्या चेहऱ्याने येत जा ना मॅडम."

मी म्हटलं, मास्कमधून दिसणार कसं?